एर्दिग : मागीलदारातून पाहिलेले घर

ब्रिटनमधील जुनी सरदारी घरे पाहताना मला फार लवकर कंटाळा येतो. तोच मखमली दोर, भिंतीवर तेच गलमिशीवाले पूर्वज आणि शेवटी महागड्या चहाचे दुकान. वेल्सच्या ईशान्य टोकाला, रेक्सम शहराला लागून असलेले एर्दिग मात्र अजून डोक्यातून जात नाही, कारण तिथे पाहुण्याला दर्शनी दाराने आत घेतच नाहीत. सुतारशाळा, लाकूड चिरण्याचा खड्डा, लोहाराची भट्टी, तबेले, परीटघर आणि भटारखाना अशा क्रमाने, जिथे माणसे राबत तिथूनच, आपण घरात शिरतो. वाड्याची पाहणी मागच्या पडवीपासून सुरू करावी तसेच हे झाले, आणि घर खरोखर कसे चालत होते ते समजायचे असेल तर हाच मार्ग योग्य, असे माझे ठाम मत झाले.

स्वयंपाकघर १७७० च्या दशकातले आहे. आगीच्या भीतीने ते मूळ इमारतीपासून सुटे बांधले होते आणि पुढे घराला जोडून घेतले. नोकरांच्या वावरासाठी बांधलेल्या खोलीला उंच छत आणि भव्य कमानी द्याव्यात, हे त्या काळाच्या मानाने विशेषच म्हणावे लागेल. त्याहून विशेष म्हणजे नोकरांची तैलचित्रे. फिलिप यॉर्क या मालकाने १७९० च्या दशकात आपल्या माणसांची चित्रे काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः पद्ये रचली. जेन एब्रेल ही सत्तरी केव्हाच ओलांडलेली मोलकरीण हातात केरसुणी घेऊन उभी आहे. कोळ्यांची जाळी झाडणारी अशीच तिची ओळख नोंदवलेली आहे. पद्यात मालकाचा थोडा टवाळपणा आहे, हे कबूल. पण तिचे नाव राहिले. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो, आणि मागच्या मंडळींनी खाकरून मला पुढे ढकलले.

वरच्या खोल्या मी भरभर पाहिल्या. राजेशाही पलंग आणि चिनी भिंतकागद सुरेख आहेत, पण बहुतेक खोल्यांत विजेचे दिवे नाहीत, त्यामुळे स्वच्छ उन्हाच्या दिवशी जावे. वेल्समध्ये असा दिवस आपल्याला निवडता येतो असे समजणारा माणूस मात्र तिथे कधी गेलेला नसावा.

घराची खरी परीक्षा विसाव्या शतकात झाली. बर्शम खाणीतला कोळसा थेट घराखालून काढल्यामुळे जमीन खचली आणि इमारतीचे एक टोक सुमारे दीड मीटर खाली गेले. भिंतींना तडे गेले, छत गळू लागले. शेवटचे मालक, तेही फिलिप यॉर्कच, यांनी १९७३ मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिले, पण आतली एकही वस्तू बाहेर जाणार नाही या अटीवर. कोळसा मंडळाकडून १,२०,००० पौंडांची भरपाई मिळाली. दुरुस्तीला ती पुरणारी नव्हती, म्हणून उद्यानातली काही जमीन विकावी लागली. १९७७ मध्ये घर लोकांसाठी उघडले.

बाहेर आल्यावर दोन्ही अंगांनी फिरून पाहावे. जोशुआ एडिसबरी याने १६८४ ते १६८७ दरम्यान टॉमस वेबच्या देखरेखीखाली विटांचे मधले घर उभारले आणि कर्जात बुडाला. त्याच्या सावकारांत मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर एलिहू येल होता, म्हणजे आपल्याकडच्या व्यापारातला पैसा इथवर पोहोचला होता. घर घेणाऱ्या जॉन मेलर या लंडनच्या वकिलाने १७२० च्या दशकात घराच्या दोन्ही बाजूंना नवे भाग जोडले. ऊनपावसाने झिजलेल्या पश्चिमेच्या विटांवर जेम्स वायट या वास्तुविशारदाने १७७२-७३ मध्ये दगडी आवरण चढवले.

त्या पश्चिमेच्या बाजूस मी उभा राहिलो तेव्हा मला लांबलचक, करड्या सरकारी कचेरीसमोर आल्यासारखे वाटले. आवरण चढवण्यामागचे कारण पटते, रूप पटत नाही. पूर्वेला, बागेच्या बाजूने, उघड्या विटांचा तांबूस रंग, दगडी किनारीच्या खिडक्यांच्या रांगा आणि समोर पाण्याच्या सरळ कालव्याकाठची लिंडेनची झाडे पाहिली, की एडिसबरीने कर्ज कशासाठी काढले ते कळते. वायटने पुढे कितीही नाव कमावले असले, तरी माझे मत एडिसबरीलाच.