बातमी पारखायला शिकवताना: नववीच्या वर्गासोबतचे एक वर्ष

आमच्या शाळेच्या भूगोल कक्षातील फलकावर मी कित्येक वर्षे एक चित्र लावून ठेवले होते. ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत’ असा मथळा मीच त्याखाली लिहिला होता. गेल्या वर्षी जूनमध्ये नववीतील एका मुलाने विचारले, “सर, पणत्यांचा उजेड कुठे निळा, कुठे हिरवा, कुठे लाल असा का दिसतो?” माझ्याकडे उत्तर नव्हते. संगणक कक्षात बसून आम्ही त्या चित्राचा उगम शोधला, तेव्हा कळले की ते कोणत्याही एका रात्रीचे छायाचित्रच नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व महासागर संस्थेतील शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून ते तयार केले होते. आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल, अशी ती रंगयोजना होती. म्हणजे तो वाढत्या वस्तीचा नकाशा होता. ‘नासा’ने २०१२ मध्ये दिवाळीच्या काळातील खरे उपग्रहचित्र प्रसिद्ध केले आणि सणामुळे वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अंतराळातून तो बहुधा जाणवणारही नाही, असे स्पष्ट केले. मी ते चित्र फलकावरून काढले नाही. त्याच मुलाच्या अक्षरात खरा मथळा लिहून घेतला आणि जुन्याच्या जागी लावला.

शनिवारची शेवटची तासिका बातमी पारखायला शिकवण्यासाठी मागून घेण्यामागे माझे एक जुने कारण होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यांतील बहुतेक आमच्याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. उचललेले मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग मात्र त्यातून कापला होता. ही घटना वर्गात सांगितली तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

पहिले दोन महिने मी दर शनिवारी एखादी खोटी गोष्ट नेत असे. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘चिप’ असल्याचे दूरचित्रवाणीवरूनही सांगितले गेले होते, हे ऐकून मुले फार चकित झाली. खोटे पकडण्यात त्यांना रस येऊ लागला आणि माझी पद्धत योग्य आहे, असे मला वाटले. ऑगस्टमध्ये मी पाच संदेशांची एक छोटी चाचणी घेतली. त्यांतील तीन खरे होते. निम्म्याहून अधिक मुलांनी पाचही संदेश खोटे ठरवले, आणि त्यांत उजनी धरणातून भीमेत पाणी सोडण्यात येणार असल्याने नदीकाठच्या गावांनी सावध राहावे, ही प्रशासनाची सूचनाही होती. वर्गातील कितीतरी मुले नदीकाठच्या गावांतून येतात. “सर, मोबाईलवरचं सगळं खोटंच असतं,” असे एका मुलीने अगदी खात्रीने सांगितले, तेव्हा मी दोन महिने काय शिकवले हे मला कळले. ती चूक माझी होती. मी त्यांना संशय घ्यायला शिकवले होते, पडताळायला शिकवलेच नव्हते.

पुढचा मार्ग परिपाठात सापडला. आमच्याकडे रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक विद्यार्थी ठळक बातम्या वाचतो. नववीच्या मुलांनी आता प्रत्येक मथळ्यासोबत वृत्तपत्राचे नाव, बातमी कोठून आली आणि त्यातील माहिती कोणी दिली, हेही वाचावे, असे ठरवले. सुरुवातीला परिपाठ लांबतो म्हणून कुरकुर झाली, पण महिनाभरातच मुले ‘सूत्रांनी सांगितले’ आणि ‘तहसीलदारांनी सांगितले’ यांतला फरक स्वतःहून दाखवू लागली. अग्रलेख म्हणजे मत, बातमी म्हणजे घडलेले, आणि बातमीच्या रूपात छापलेली जाहिरात ही तिसरीच गोष्ट, हे समजायला मात्र दिवाळीनंतरचे काही आठवडे गेले.

‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, म्हणून त्या तारखेला पत्रकार दिन असतो, त्या दिवशी आम्ही गावातील एका वार्ताहराला बोलावले. अपघातातील मृतांचा आकडा आधी पोलीस ठाण्यात आणि मग रुग्णालयात विचारल्याशिवाय ते पाठवत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांची झिजलेली, कोपरे दुमडलेली वही मुलांनी हातात घेऊन पाहिली. खोडलेला एक आकडा आणि त्याशेजारी लिहिलेला दुसरा आकडा पाहून एकाने विचारले, “आधीचा छापून गेला असता तर?” “दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागली असती,” ते म्हणाले. माझ्या अनेक तासिकांनी साधले नव्हते, ते त्या पानाने साधले.

सर्वांत अवघड प्रश्न घरचा होता. वडीलधाऱ्यांनी पाठवलेला संदेश खोटा आहे हे सांगायचे कसे? मधुमेहाच्या गोळ्या बंद करून अमुक एक काढा घ्यावा, असा संदेश एका मुलीच्या आजोबांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. ‘हे खोटं आहे’ असे म्हटले की आजोबा दुखावतात आणि मग कोणाचेच ऐकत नाहीत, असे ती म्हणाली. वर्गाने बराच वेळ विचार करून तिला एक वाक्य दिले: “आजोबा, यात डॉक्टरांचं नाव आहे, पण त्यांचा दवाखाना कुठं आहे हो?” आजोबांनी स्वतःच शोधले. दवाखाना सापडला नाही आणि गोळ्या चालू राहिल्या. तेव्हापासून गटावर काही टाकण्याआधी ते तिला दाखवतात.

यंदा ती दहावीत आहे. ऑगस्टमध्ये आजोबांनी तिला पुन्हा एक संदेश दाखवला, उजनीतून पाणी सोडण्याचा. तिने त्यावरील तारीख पाहिली, तलाठ्यांना फोन लावून विचारले आणि तो खरा असल्याचे सांगितले. त्याच संध्याकाळी त्यांनी नदीकाठची पाण्याची मोटार वर काढून घेतली.