माबुनीच्या शिळांवरील नावे

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना हिरोशिमा आणि नागासाकी ठाऊक असतात. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटाची २३ जून ही तारीख मात्र क्वचितच कुणाच्या कानावर आलेली असते. १९४५च्या मार्चअखेरीस अमेरिकी सैन्य आधी केरामा बेटांवर आणि १ एप्रिलला मुख्य बेटावर उतरले. जपानी सैन्याचा संघटित प्रतिकार ज्या दिवशी संपला असे मानतात, तो २३ जून तिथे स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. या लढाईत ओकिनावाने आपल्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा गमावला.

त्यांत बेटाचेच रहिवासी असलेले सैनिक आणि लष्करी कर्मचारी किती, याचे सरकारी उत्तर २८,२२८ असे आहे. सैनिक म्हणून गणल्या गेलेल्यांत घाईघाईने भरती केलेले शेतकरी-कोळी होते आणि शाळेच्या वर्गातून उचललेली चौदा-पंधरा वर्षांची मुलेही होती, हे कळल्यावर मला तो अचूक आकडाच खटकू लागला. मुलींचीही सुटका नव्हती. भुयारांतल्या लष्करी इस्पितळात शुश्रूषेला नेलेल्या हिमेयुरी पथकातील २४० विद्यार्थिनी व शिक्षकांपैकी १३६ जण मेले. त्यांतले बहुतेक १८ जूनला पथक विसर्जित करून, भर तोफमाऱ्यात ‘आता आपले आपण पाहा’ असे सांगितल्यानंतरच्या मोजक्या दिवसांत.

आपल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत पलटणीचे चिन्ह, हुद्दा आणि नाव अशा क्रमाने माणूस ओळखावा लागतो. ओकिनावातील माबुनीच्या टेकडीवर या लढाईतील मृतांच्या स्मरणार्थ १९९५मध्ये उभारलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या शिळांवर हुद्दा नाहीच. ओकिनावाची नावे गावाप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे एकाच घरातली माणसे शेजारी-शेजारी सापडतात, आणि बारशापूर्वीच गेलेले मूल ‘अमक्याचा मुलगा’ एवढ्यावर नोंदलेले दिसते. मला ही मांडणी अधिक प्रामाणिक वाटते, कारण इथे गणवेश केवळ योगायोगाने अंगावर आला होता.

तिथे अमेरिकी, ब्रिटिश, कोरियन आणि तैवानी नावेही आहेत. एकूण २ लाख ४० हजारांहून अधिक. जपानच्या कागोशिमा प्रांताच्या यादीत ओकिनावातील जपानी सैन्याचे सेनापती मित्सुरू उशिजिमा यांचेही नाव आहे, ज्यांनी शेवटपर्यंत लढत राहण्याचा हुकूम मागे ठेवून आत्महत्या केली. त्यांचे नाव तिथे नसावे असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचा राग मला समजतो. पण ते वगळायचे तर पुढचे कोणते वगळायचे हे ठरवणारी समिती नेमावी लागेल, आणि तशा समितीवर बसायला मी तरी तयार होणार नाही.