मागनं आवाज येईपर्यंत

दादा पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये गेला आणि खालच्या मजल्यावरच्यांनी वूफरपायी दोनदा येऊन बेल वाजवली. तेव्हा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायर), पाच स्पीकर आणि तो वूफर हा त्याचा सगळा संसार दिवाळीत गाडीच्या डिकीतून आमच्याकडे बेळगावात शहापूरला आला. मला फुकट. परतीच्या डिकीत दोन किलो कुंदा, ही आमची खव्याची मिठाई, गेला, तेवढंच.

माझी नोकरी उद्यमबागेत, सीएनसी मशीनच्या मेंटेनन्सची. वायरींचा गुंता बघून घाबरणाऱ्यातला मी नव्हे. घरी टीव्हीला एक जुना, ऑफिसातून निघालेला छोटा पीसी जोडलेला होताच. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, विंडोज १० आणि त्यावर सिनेमे लावायचं कोडी नावाचं सॉफ्टवेअर. अर्ध्या तासाचं काम आहे, असं घरात सांगून मी बसलो. ते पुरं व्हायला फेब्रुवारी उजाडला.

दादा जाता जाता सांगून गेला होता, "एचडीएमआय रिसीव्हरमधनं फिरवू नकोस, जुना आहे तो, फोर-के चित्र जाणार नाही. पीसी टीव्हीला जोड आणि टीव्हीतनं ऑप्टिकलनं आवाज काढ." तसंच केलं. ऑप्टिकल वायरीचं एक टोक टीव्हीत, दुसरं रिसीव्हरमध्ये, आणि आवाज शून्य. वायर खराब म्हणून दुकानात परत न्यायला निघालो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याच्या नाकावर टोपी आहे." वायरीच्या दोन्ही टोकांना शेंगदाण्याएवढी पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते, ती मी काढलीच नव्हती. टोपीसकट ती भोकात नीट बसतही नाही, मीच जोर लावला होता. टोपी काढून एक टोक जोडलं आणि दिवा घालवून दुसरं तळहातावर धरलं, तर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका हातावर पडला. हा उजेड म्हणजेच आवाज. तोशिबानं १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी ही युक्ती काढली, ती अजून चालते आहे.

मग आवाज आला. पाचही डब्यांतून आला, वूफर घुमला, कोनाड्यातली समई थरथरली. आई म्हणाली, "दोन डब्यातनं येत होतं तेच आता सहा डब्यातनं येतंय म्हणं." तिच्या बोलण्यात किती तथ्य होतं ते मला महिन्याने कळलं.

कळवलं ते शेजारच्या मास्तरांनी. मास्तर कन्नड शाळेतून निवृत्त झालेले. रविवारी दुपारी सिनेमाला आमच्याकडे येतात आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, डाव्या टोकाला बसतात, अगदी मागच्या स्पीकरच्या कुशीत. मराठी उत्तम बोलतात, पण जिवावरचं काही असलं की कन्नड येतं. एका रविवारी सिनेमा अर्ध्यावर थांबवायला लावून म्हणाले, "हे बघ, तुझा हा डबा माझ्या कानात हिरोचं बोलणं सांगतोय. थिएटरात असं नसतंय. थिएटरात हिरो पुढं बोलतोय आणि पाऊस मागं पडतोय."

रिसीव्हरच्या तोंडावर निळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. महिनाभर मी त्याच्याकडे घड्याळासारखं बघत होतो, वाचत नव्हतो. त्या दिवशी चष्मा लावून वाचलं: इनपुट पीसीएम, मोड ऑल चॅनल स्टीरिओ. म्हणजे येत होते दोनच आवाज, डावा आणि उजवा. रिसीव्हर बिचारा त्यांच्याच नकला करून पाचही डब्यांत वाटत होता. सराउंड नव्हेच ते, गल्लीतल्या मांडवाचे कर्णे होते.

मग मुळापासून बघायला लागलो. विंडोजमध्ये साउंडच्या जुन्या खिडकीत जाऊन, आपलं आउटपुट निवडून 'कॉन्फिगर' दाबलं की स्पीकर किती ते विचारतं. तिथं एकच पर्याय होता, स्टीरिओ. ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर ह्याचं, नावच नाही. आवाजाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, तरी तेच.

ह्याचं कारण समजायला मला चार रात्री लागल्या, पण कारण साधं आहे. एचडीएमआयच्या वायरीतून नुसतं चित्र आणि आवाज जात नाही. समोरचं यंत्र आपली माहितीही पीसीला देतं. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मला झेपतं कोणतं चित्र, मला कान किती, हे त्यात असतं. माझ्या पीसीच्या समोर होता टीव्ही. टीव्हीला स्पीकर दोन, म्हणून त्याने सांगितलं दोन. त्याच्यामागे ऑप्टिकलला लोंबकळत रिसीव्हर आहे आणि रिसीव्हरला पाच डबे आहेत, हे पीसीला कोण सांगणार? त्याने सहा आवाजांचे दोन करून पाठवले, टीव्हीने ते दोन पुढे ढकलले. कोणाचीच चूक नाही. लग्नात मधला माणूस जेवढी माणसं सांगतो तेवढीच पानं मांडली जातात, तसलं झालं.

आता टीव्हीला मधून काढायचा. पीसीला ऑप्टिकलचं भोक नव्हतं, म्हणून ऑप्टिकल आउट असलेलं एक स्वस्त यूएसबी साउंड कार्ड मागवलं आणि वायर त्यातून थेट रिसीव्हरला नेली. पण ऑप्टिकलचाही एक स्वभाव आहे. उघडा, न दाबलेला आवाज, म्हणजे पीसीएम, त्यातून दोनच चॅनल, डावा आणि उजवा, जातो. सहा हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून, गठडं बांधूनच जावे लागतात. डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, आणि साधा दोन चॅनलचा ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा पीसीएम १,५३६ किलोबिट. गठडं आरामात बसतं.

फक्त ते पीसीने वाटेत उघडायचं नाही. ह्यालाच पासथ्रू म्हणतात. दादाला पाठवलेला कुंद्याचा डबा ड्रायव्हरने निपाणीला उघडून चाखला तर पुण्याला काय पोचणार, तसं हे. कोडीत सेटिंग्ज, सिस्टिम, ऑडिओमध्ये गेल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात पातळी असते, ती 'एक्स्पर्ट' केल्याशिवाय अर्धे पर्याय दिसतच नाहीत (ह्यातच माझी एक संध्याकाळ गेली). तिथं आउटपुट म्हणून त्या कार्डाची वासापीवाली नोंद निवडली (ह्या वाटेने विंडोज आवाजाला मध्येच हात लावत नाही), डायरेक्टसाउंडवाली नव्हे. मग पासथ्रू चालू, डॉल्बी डिजिटल चालू, डीटीएस चालू.

सिनेमा लावला आणि रिसीव्हरच्या तोंडावर 'डॉल्बी डिजिटल' ही अक्षरं उमटली. मी घरातल्यांना ओरडून बोलावलं. बायको पोळी लाटता लाटता पिठाच्या हाताने आली, अक्षरं बघितली, "बरं," म्हणाली आणि गेली.

पासथ्रूची एक खोड सांगून ठेवतो, नाहीतर बिघाड समजाल. कोडीतून आवाज कमी-जास्त होत नाही. डबा बंद असल्यावर पीसी साखर कमी कशी करणार? आवाज फक्त रिसीव्हरच्या रिमोटने. आई आठवडाभर जुना रिमोट दाबून दाबून वैतागली.

दुसरी अडचण: सगळ्याच फाइलींत आवाज डॉल्बीत नसतो. एएसी ही आवाज दाबायची दुसरी पद्धत, त्यातला ५.१ आवाज रिसीव्हरला कळत नाही. मग कोडी तो उघडतो आणि ऑप्टिकलमधून पुन्हा दोनच चॅनल बाहेर. ह्याला उपाय आहे, पण उलटा. चॅनलची संख्या २.० ठेवायची आणि 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' चालू करायचं. मी शहाणपणाने ५.१ ठेवलं होतं, तर तो पर्यायच फिका पडून बसला होता. सहा हवेत म्हणून दोन लिहा! पण ऑप्टिकलपुरतं बरोबर आहे ते: वायर दोनचीच, म्हणून कोडी सहाचं नवं गठडं बांधून देतो.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हे गठडं बांधणं कोडीपुरतं. मुलीचा गेम, ब्राउजरमधलं काही, सगळं तिथंच स्टीरिओत अडकलेलं. शिवाय दादाचं ते फोर-केचं वाक्य डोक्यात होतं. २६ जानेवारीच्या सुट्टीला शांतपणे विचार केला: आपल्याकडं फोर-के सिनेमे नाहीतच, आणि ह्या पीसीच्या एचडीएमआयला फोर-के धड झेपतही नाही. मग न जाणाऱ्या फोर-केसाठी जाणारा आवाज मी का अडवून ठेवलाय? पीसीची एचडीएमआय रिसीव्हरच्या 'इन'ला, रिसीव्हरच्या 'आउट'मधून टीव्हीला. दिवाळीतच हे केलं असतं तर दादाला कुंदा पचायच्या आत काम झालं असतं.

चित्र आलं. त्याबरोबर वूफरमधून एक संथ घुंई सुरू झाली. हे मात्र माझं क्षेत्र. ऑप्टिकल म्हणजे प्लास्टिकचा धागा, त्यातून वीज वाहत नाही. एचडीएमआय तांब्याची, तिने सगळ्यांची जमीन, म्हणजे अर्थ, एक केली. केबल टीव्हीची वायर गल्लीतल्या खांबावरून स्वतःची वेगळी जमीन घेऊन येते, आणि दोन जमिनींत फरक पडला की ५० हर्ट्झची घुंई ठरलेली. केबलची वायर उपटली, घुंई बंद. पण वायर उपटून आईची मालिका कशी दिसणार? मल्टीमीटर लावल्यावर कळलं की आमच्या जुन्या बोर्डातल्या तिसऱ्या, जाड पिनेच्या मागे वायरच नाही. नुसतं शोभेचं भोक. मीटरपासची अर्थिंगची वायर त्या बोर्डापर्यंत ओढली, टीव्ही, पीसी, रिसीव्हर सगळे एकाच बोर्डावर घेतले आणि केबलच्या वायरीत ही जमीन तोडणारा एक आयसोलेटर घातला. आता वूफरला कान लावला तरच ऐकू येतं, आणि कान लावायला कोण जातंय?

पण विंडोजमध्ये स्टीरिओ ते स्टीरिओच. इथं मी खरोखर हात टेकले होते. रात्री साडेअकराला दिसलं की रिसीव्हर बंद असला तरी टीव्हीवर चित्र येतंय. म्हणजे त्यातलं 'स्टँडबाय थ्रू' दादाने चालू ठेवलेलं. मी नेहमी पीसी आधी लावायचो, रिसीव्हर मागाहून, तोवर झोपलेल्या रिसीव्हरच्या आरपार टीव्हीनेच उत्तर दिलेलं असायचं, "कान दोन." ती सोय बंद केली. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी पीसी, ह्या क्रमाने चालू केलं. 'कॉन्फिगर' दाबलं. ५.१ आणि ७.१, दोन्ही हजर.

कोडीत आता चॅनल ५.१, आउटपुट 'बेस्ट मॅच', ट्रान्सकोडिंग बंद. पासथ्रूही मी बंद केलं. एचडीएमआयमधून आठ चॅनलपर्यंत उघडा पीसीएम जातो, त्यामुळे डबा पीसीने फोडला काय आणि रिसीव्हरने फोडला काय, आवाज तोच. अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार, असतं तर बंदच पाठवावं लागलं असतं. आमच्याकडं छताला कौलं आहेत, स्पीकर नाहीत. आईचा जुना रिमोट परत चालायला लागला, हा मोठा फायदा.

रविवारी मास्तरांना मुद्दाम लवकर बोलावलं. त्यांना त्यांच्या जागी बसवून डोळे मिटायला सांगितले आणि विंडोजच्या त्या खिडकीत एकेका स्पीकरवर टिचकी मारत गेलो. पुढचा डावा, ठीक. मधला, ठीक. मागच्या डाव्यावर टिचकी मारली आणि मास्तर डोळे मिटूनच अर्धे उठले. "हिंदिंद बंतु! मागनं आलं!" मग थांबून म्हणाले, "पण बलक्के आलं. उजवीकडनं."

बघतो तर मागच्या दोन वायरींची अदलाबदल. दादाने वायरींना चिकटवलेल्या पट्ट्या त्याने टीव्हीकडे तोंड करून लिहिल्या होत्या की टीव्हीकडे पाठ करून, देव जाणे. वायरी बदलल्या. एक मागचा स्पीकर कोनाड्यात ठेवला होता, तो रांजणात बोलल्यासारखा घुमत होता. त्याला बाहेर काढून खुंटीच्या फळीवर ठेवला, बसणाऱ्याच्या कानापेक्षा थोडा मागे. मागचे दोन्ही पाठीशी भिंतीला न चिकटवता बाजूला, थोडे मागे असावेत, समोरून साधारण ११० अंशांवर. आमच्या लांबोळक्या सोप्यात हे जमवायला बैठक दोन फूट पुढे ओढावी लागली, त्यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. रिसीव्हरमध्ये पाचही स्पीकर 'स्मॉल' केले, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं वूफरला दिलं.

त्या दिवशी सिनेमात पाऊस मागे पडला. आईने एकदा वर कौलांकडे बघितलं.

एक दुखणं राहिलंय. पीसी यूपीएसवर आहे, रिसीव्हर नाही. तेवढा भार यूपीएसला झेपत नाही. लाईट गेली की रिसीव्हर बंद, पीसी चालू, आणि लाईट येईपर्यंत विंडोज पुन्हा स्टीरिओवर जाऊन बसलेलं असतं. मला पहिल्यांदा कळतच नाही, पुढचे डबे तर वाजत असतात. मास्तर मान वळवून मागे बघतात, "हिंदिंद इल्ल, मागनं नाही," म्हणतात, आणि मी उठून पीसी रीस्टार्ट करतो.