मटार सोलताना फॅट्स वॉलर

रविवार, रात्री साडेदहा

आज चार किलो मटार सोलले. हात गुंतलेले असले की नवं काही डोक्यात शिरत नाही, म्हणून ओळखीचंच लावलं. ‘एन्ट मिसबिहेव्हिन’, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या मूळ संचाच्या आवाजातलं, १९७८चं. मुळात दोन एलपींचा ऐवज, आता फोनमध्ये. समोर आई, मधे परात.

नाटक म्हणावं तर त्याला कथा नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला पियानोवाला फॅट्स वॉलर, त्यानं रचलेली आणि त्यानं गाजवलेली गाणी, गाणारे पाच जण. आपल्याकडे एखाद्या संगीतकाराच्या गाण्यांचा कार्यक्रम असला की निवेदकच अर्धा वेळ खातो. इथे निवेदन जवळजवळ नाहीच, एका गाण्याचा श्वास संपायच्या आत दुसरं सुरू. ‘हँडफुल ऑफ कीज’मध्ये तर पाचही जण पियानोच्या वाजण्याबद्दलच गातात. ल्यूथर हेंडरसनचा डावा हात खालचा सूर मारतो, उडी घेऊन वर कॉर्ड पकडतो, पुन्हा खाली. उजवा हात त्यावर वाट्टेल ते करायला मोकळा. आईच्या शेंगा त्याच लयीत फुटायला लागल्या. तिच्या लक्षात आलं नाही, मीही सांगितलं नाही.

पाचांतल्या केन पेजचं ‘युअर फीट्स टू बिग’ लागलं तशी मी हसले.

“काय म्हणतोय गं?”

“बाईचे पाय फार मोठे आहेत म्हणून तिची टिंगल करतोय.”

आईनं स्वतःच्या नऊ नंबरच्या पावलांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मेल्याला दुसरा विषय नाही सुचला?” पण हसली.

हा अल्बम मी पूर्वी कितीतरी दिवस शफलवर ऐकायचे. गाणी उलटीसुलटी यायची आणि ‘ब्लॅक अँड ब्लू’ हे आणखी एक संथ गाणं म्हणून कानावरून जायचं. मग एकदा मुकाट्यानं पहिल्यापासून ऐकलं तेव्हा कळलं, रिव्ह्यूला, म्हणजे अशा नुसत्या गाण्यांच्या रंगमंचीय खेळाला, कथा नसते, क्रम असतो, आणि सगळं बोलणं त्या क्रमातच असतं. ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या अगदी आधी आहे ‘फॅट अँड ग्रीझी’. केन पेज आणि आंद्रे डी शील्ड्स एका लठ्ठ, तेलकट माणसाची यथेच्छ खिल्ली उडवतात. रूपावरून हसणं टोकाला जातं आणि तिथेच पाच आवाज खाली उतरतात. आता विषय कातडीचा. शब्द अँडी राझाफचे, वॉलर आणि हॅरी ब्रुक्स यांच्या चालीवर, १९२९च्या ‘हॉट चॉकलेट्स’ या रिव्ह्यूसाठी लिहिलेले. मघाशी ज्या तोंडांनी थट्टा केली तीच तोंडं आता विचारतात, माझा रंग काळा, यात माझा काय गुन्हा? कोणी आवाज चढवत नाही. पाच सुरांची गच्च वीण, बस्स. मघाच्या हसण्याची थोडी लाजच वाटते.

आईला इंग्रजी येत नाही. तिचे हात थांबले.

“आता हे गप्प का झाले?”

“गातायत की.”

“हो, पण गप्प झालेत.”

मी अर्थ सांगितला. तीही काळीसावळी. लग्नाआधी बघायला आलेल्या किती जणांनी काय काय म्हटलं, ते मावशीकडून ऐकलंय, तिच्याकडून कधी नाही. आजही ती काही बोलली नाही. शेंगा संपल्या होत्या तरी टरफलांत हात फिरवत राहिली, एखादा दाणा राहिलाय का बघत.

वॉलर १९४३च्या डिसेंबरात आगगाडीत गेला, एकोणचाळीसाव्या वर्षी. हे तिला सांगणार होते, राहून गेलं.

शेवटची गाण्यांची माळ सुरू झाली तेव्हा म्हणाली, “बंद कर आता. पिशव्या आण.” पाच पिशव्या भरल्या.