दादर म्हणजे जिना

कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याला दादर म्हणतात. "दादरावरून सांभाळून उतर गो," असे माझी आजी दिवसातून चारदा बजावत असे. पुढे नोकरीसाठी डोंबिवलीहून अंधेरीला जाऊ लागल्यापासून तिची ती सूचना मी रोज दोन वेळा पाळते आहे. मध्य रेल्वेची गाडी सोडून पश्चिम रेल्वेची पकडायची, तर दादरला पूल चढणे आणि उतरणे चुकत नाही. इतके शोभून दिसणारे नाव दुसऱ्या कुठल्या स्टेशनाला असेल असे मला वाटत नाही.

खरे तर दादर येते ते कुर्ला सुटल्याबरोबर. "दादर ना?" असे मागून विचारले जाते, आपण मान हलवतो आणि तोच प्रश्न पुढचीच्या खांद्यावर ठेवतो. मेथी निवडणारी बाई पिशवीचे तोंड बांधते, ओढणी सावरली जाते आणि गाडी थांबण्याआधीच अर्धा डबा उभ्या उभ्या उतरलेला असतो. पुलावर मात्र घाई करून भागत नाही, कारण तिथे समोरच्या पाठीचा जो वेग असेल तोच आपला. फुलबाजार पश्चिमेला स्टेशनाला लागूनच असल्याने सकाळी त्या गर्दीतून "पाणी लागंल, पाणी लागंल" असे ओरडत ओल्या फडक्यातली फुलांची बोचकी डोक्यावरून जात असतात. एकदा अशाच एका बोचक्यातले पाणी नेमके माझ्या मानेवर ओघळले आणि संध्याकाळपर्यंत कार्यालयात माझ्या टेबलापाशी निशिगंधाचा वास रेंगाळत राहिला. पुलाविषयीच्या माझ्या सगळ्या तक्रारींच्या वहीत जमेच्या बाजूला मांडलेली ही एकच नोंद आहे.

आकड्यांचा घोळ हे या स्टेशनाचे जुने दुखणे होते. दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात, त्यामुळे "चार नंबरवर भेटू" म्हणून ठरवलेल्या दोन मैत्रिणी दोन वेगवेगळ्या चार नंबरांवर उभ्या राहून एकमेकींवर रागावत. 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिमेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 हे क्रमांक दिले गेले; तिथला जुना दोन आधीच बंद झालेला असल्याने एकाचा आठ झाला आणि तीनाचा नऊ. निर्णय शहाणपणाचा होता, हे मान्यच केले पाहिजे. पण पायांना नवे आकडे शिकवायला वेळ लागतो, आणि माझ्या तोंडून अजूनही "म्हणजे जुना एक" असे निघून जाते.

स्टेशनाबाहेरही जुने शब्द असेच चिवट आहेत. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्रामचा कारभार आटोपला, तरी पूर्वेकडचे ट्राम टर्मिनस आजही टीटीच आहे आणि पुण्याची बस पकडायला निघालेली माणसे टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगतात. पश्चिमेला सिद्धिविनायकाच्या शेअर टॅक्सीची रांग असते. आता 2025 पासून भुयारी मेट्रोचेही दादर झाले आहे, पण ते गोखले रस्त्याच्या बाजूला. नकाशात ते बोटभर अंतरावर दिसते. पावसात छत्री सांभाळत, फेरीवाल्यांच्या ताडपत्र्यांखालून वाकत जाताना त्या बोटाची लांबी कळते.

परवा पुलावर एका आजोबांनी एका तरुणाला चार नंबर विचारला. त्याने अदबीने पश्चिमेचा जिना दाखवला. आजोबा दोन पायऱ्या उतरले, तेव्हा मला शंका आली.

"आजोबा, जायचे कुठे आहे?"

"कल्याण."

"मग तुमचा चार आता दहा झालाय. त्या बाजूला."

कठड्याला धरून ते वळले, दोन पायऱ्या पुन्हा चढून वर आले आणि जरा दम घेऊन म्हणाले, "आणि पायऱ्या? त्या तेवढ्याच ठेवल्यात ना?"