गाडी विकायच्या आधी कम्प्रेशन बघा

आज दिवसभर १४ वर्षं जुन्या एका पेट्रोल गाडीवर चर्चा चालली. उन्हात तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत जायचा, म्हणून मालक गाडी विकायलाच निघाले होते. मी म्हटलं, आधी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासू.

इंजिन गरम करून सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोलपुरवठा बंद करायचा, एकेका प्लगच्या जागी कम्प्रेशन गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. चारही सिलिंडरचे आकडे १० टक्क्यांच्या फरकात असावेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) खराब. इथे चारही सारखे आले, डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. दोष रेडिएटरचा. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी, क्षारांनी नळ्या बुजलेल्या. नागपूरच्या ४५ अंशांत तो कसा पुरणार? रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि होज बदला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. एवढ्यासाठी गाडी विकू नका हो!

क्लच, शॉकअब, लोअर आर्मचे बुश तर झिजणारच. मला भीती गंजाची वाटते. कार्पेट उचला, जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचा. आरपार गेला तर गाडी सोडा. सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपुरात अंबाझरी तलावाकडे बुडालेल्या गाड्यांचंही तसंच. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर वायरिंगवर पैसे ओतू नका.

१५ वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो, तोही हिशोबात धरा.