तुम्ही विचारलंत म्हणून: त्या किटलीची मूठ एवढी जाड का?

मी डिझाइन केलेली पहिली किटली पाहिलेला माणूस दुसरी हातात घेतो आणि हमखास विचारतो, "इतकी देखणी होती, तिची अशी वाट का लावलीत?" मूठ काळी, जाडजूड, सायकलच्या हँडलला असते तशी. मान्य. आता एकदाच सांगते.

पहिलीची मूठ म्हणजे स्टीलच्या नळीची एकच रेषा होती, काठापासून निघून थेट तळाशी टेकणारी. सांधा दोन बोटं वर घ्या, असं वेल्डर म्हणाले होते. मी ऐकलं नाही. रेषा मोडली असती. शिवाय स्टेनलेस स्टीलमधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा फार सावकाश जाते, हे मला पाठ होतं. चाचणी घेतली ती विजेच्या शेगडीवर, किटलीच्या तळापेक्षा लहान तबकडीवर. गॅसच्या मोठ्या बर्नरची ज्योत तळाबाहेर येऊन नेमकी त्या सांध्याला चाटते, हे डोक्यातच आलं नाही.

एक किटली मावशीला दिली होती. वर्षभराने तिच्याकडे गेले. किटली गॅसवर, लखलखीत. तिने सवयीने मूठ धरली आणि पुढच्या क्षणी सोडून दिली. उकळतं पाणी ओट्यावरून तिच्या पायावर. तिचा पाय नळाखाली धरून बसले होते तेव्हा खिळ्याला अडकवलेलं एक फडकं दिसलं. मुठीच्या मापाचं, नळीसारखं शिवलेलं, दोन्ही टोकांना जुनं इलॅस्टिक. खालची बाजू होरपळून तपकिरी झालेली. "तू येणार म्हणून काढून ठेवलं गं," ती म्हणाली. "तुझी वस्तू बरी दिसावी म्हणून."

म्हणजे तिच्या हाताला सवय होती ती फडक्याची.

फोनवर मात्र वर्षभर "किती सुटसुटीत आहे" म्हणायची. खोटं बोलत होती असंही वाटत नाही. मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा या जपानी संशोधकांनी १९९५ साली एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. ज्या सुंदर वाटल्या, त्याच बहुतेक वापरायलाही सोप्या वाटल्या. हे मी आधीच वाचलेलं होतं. आपल्या बाजूचा पुरावा म्हणून, खूश होऊन.

तेव्हा 'रूप कामामागून येतं' हे आता तरी पटलं ना, असं कृपा करून विचारू नका. लुई सलिव्हन या अमेरिकन वास्तुकाराने ते १८९६ साली लिहिलं उंच कचेऱ्यांबद्दल, आणि त्याच्या स्वतःच्या इमारतींवर वेलबुट्टी बघा किती आहे! मूठ गार राहिली पाहिजे, एवढंच काम सांगतं. ती किती जाड, कुठे वाकवायची, हे कुणीतरी बघून ठरवावं लागतं. दुसऱ्या वेळी मी ते ठरवलंच नाही. सांधा वर घेतला आणि घाबरून सिलिकॉन चढवत गेले. ती बेढब झाली ती माझ्या भीतीमुळे. उपयोगाच्या नावावर मी ते खपवत आले.

दुसरी किटलीही मावशीला दिली. ती कपाटात आहे. गॅसवर अजून पहिलीच असते, फडक्यासकट. मी गेले तरी मावशी आता ते काढत नाही.